मेलमधल्या मराठीचा चुथडा का होतो

मेल उघडला आणि मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी a, मधेमधे ¤ आणि ®, असला कचरा दिसला की बरेच जण समोरच्याच्या कॉम्प्युटरला नावं ठेवतात, पण मूळ पार १९८२ मध्ये आहे. तेव्हा जॉन पोस्टेलने एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवायच्या पद्धतीचे, नियम लिहिले ते सात बिटांच्या आस्की या इंग्रजी अक्षरांच्या कोडापुरते, म्हणजे सगळी मिळून १२८ चिन्हं, त्यात फ्रेंचांचे ॲक्सेंट बसेनात तिथे आपल्या जोडाक्षरांना कोण विचारतो.

१९९२ मध्ये बोरेनस्टाईन आणि फ्रीड या दोघांनी माइम आणलं, म्हणजे आस्कीत न बसणारा मजकूर मेलमधून पाठवायचे नियम. रस्ता जुनाच, फक्त मजकूर बेस६४ वगैरेत गुंडाळायचा, म्हणजे साध्या आस्की चिन्हांत बदलायचा, आणि वर चिठ्ठी लावायची की आत कुठला कॅरसेट, म्हणजे अक्षरांचे आकडे ठरवणारा तक्ता, आहे. सगळी भानगड या चिठ्ठीची! जगातल्या सगळ्या लिप्यांना चालणारं युटीएफ-८ पण त्याच वर्षीचं, त्यात आपल्या 'म'चे तीन बाइट होतात, २२४, १६४, १७४, आणि चिठ्ठी हरवली की मेल प्रोग्रॅम ते विंडोज-१२५२, म्हणजे युरोपी भाषांचा जुना तक्ता, समजून तीन भलतीच चिन्हं दाखवतो, तिसरं म्हणजे ते ®. बाइट शाबूत असतात, त्यामुळे मेल प्रोग्रॅममध्ये एन्कोडिंग, म्हणजे वाचायचा तक्ता, युटीएफ-८ करून बघा, बहुतेक वेळा मराठी परत येते. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र विसरा, वाटेत कोणीतरी अक्षरंच टाकून दिलीत, परत पाठवायला सांगा. सब्जेक्टमध्ये 'चार-के-एस' (4KS) सारखं सारखं दिसत असेल तर ती न उलगडलेली बेस६४मधली देवनागरी, 'म'ची सुरुवात तशीच होते.

आपल्याकडे अजून एक घोळ आहे. इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांचा कोड, १९९१ मध्ये भारतीय मानक झालं, युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या कोडातही देवनागरी तेव्हापासूनच होती, पण घरोघरी लोक टाइप करायचे शिवाजीसारख्या फाँटात, जिथे आत इंग्रजी अक्षरांचेच कोड आणि वर नुसता मराठी मुखवटा. मामाचे २००२ चे मेल माझ्याकडे असेच पडून होते, एन्कोडिंग कितीही बदललं तरी ढिम्म, कारण आत मराठी नव्हतीच ना. शेवटी जुन्या फाँटाचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढले, बाकी सगळं नीट आलं, फक्त पहिल्या वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या, त्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची म्हणून, आणि त्या अजून हाताने सरकवतोय.