मांजराच्या पिल्लाचे डोळे चिकटतात तेव्हा

कुटाराच्या ढिगात, कोठ्याच्या माळ्यावर, पऱ्हाट्यांच्या गंजीखाली मांजर कधी विते ते घरात कुणाला कळत नाही. कळतं ते पिल्लांचं म्याँव म्याँव ऐकू आल्यावर. पिल्लं मिटल्या डोळ्यांनी जन्मतात आणि 7 ते 14 दिवसांत त्यांच्या पापण्या उघडतात. मग कधीतरी लक्षात येतं की त्यातल्या एकदोघांचे डोळे पिवळ्या चिपडांनी पुन्हा चिकटलेत. सोंगणीचे दिवस असतात, घरचे सगळे वावरात असतात, आणि उघडतील दोन दिवसांत म्हणून पिल्लं तशीच राहतात. खेड्यातल्या आंधळ्या किंवा एका डोळ्यात फूल पडलेल्या मांजरांची नजर बऱ्याचदा याच दिवसांत गेलेली असते. ती वाचवता आली असती, म्हणून याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

चिपडं येण्यामागे बहुतेक वेळा मांजरांचा हर्पीस विषाणू असतो. माणसाला तो होत नाही. मांजरांमध्ये मात्र तो इतका पसरलेला आहे की बहुतेक मांजरांची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडतेच. एकदा अंगात शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत तो दडून राहतो. मांजर व्याली, आजारी पडली, दुसऱ्या घरी गेली, की त्या ताणात तो पुन्हा डोकं वर काढतो आणि आईकडून पिल्लांकडे जातो. त्याच्या जोडीला क्लॅमिडिया नावाचा जिवाणूही असू शकतो. माणसात खुपऱ्या ज्याने होतात त्याचाच हा भाऊबंद. तो क्वचित माणसाच्या डोळ्यालाही लागतो, म्हणून पिल्लाचे डोळे पुसल्यावर साबणाने हात धुवावेत, लहान मुलांनी तर नक्कीच.

कधी कधी पापण्या पहिल्यांदा उघडायच्या आधीच आत पू साचतो. बंद डोळा फुगलेला दिसतो आणि नाकाकडच्या कोपऱ्यात पुवाचा थेंब येतो. अशा वेळी चौदा दिवस भरायची वाट पाहायची नसते. आतला पू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला खात असतो. त्याला जखम झाली आणि आजूबाजूची लाल त्वचा त्या जखमेला चिकटली, की जो पांढरा डाग उरतो त्यालाच आपण फूल म्हणतो. जखम खोल गेली तर डोळा फुटतो.

घरी करायचं ते सोपं आहे. पाणी उकळून कोमट होऊ द्यावं. जुन्या धोतराचा स्वच्छ तुकडा त्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर दोन-तीन मिनिटं ठेवावा. चिपडं मऊ पडली की नाकाकडून कानाकडे हलक्या हाताने पुसावं. प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा, प्रत्येक पिल्लाला वेगळा. पापण्या ओढून उघडायच्या नाहीत. घरात कापसाची गंजी लागलेली असली तरी बोंडातला कापूस यासाठी वापरू नये, त्याचे तंतू आणि कचरा डोळ्यात राहतो. हे दिवसातून तीन-चार वेळा करावं आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पिल्लू दवाखान्यात न्यावं. पुसण्याने डोळा उघडतो, आजार बरा होत नाही. त्याला औषध लागतं.

घाई कशासाठी, याचं उत्तर विज्ञानाच्या एका प्रसिद्ध प्रयोगमालेत आहे. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात हार्वर्डमध्ये मांजराच्या पिल्लांची एक पापणी शिवून बंद ठेवली. काही आठवड्यांनी टाके काढले. डोळा निरोगी होता, पण मेंदूत त्या डोळ्याचं म्हणणं ऐकणाऱ्या पेशी जवळपास उरल्या नव्हत्या. त्यांचा ताबा दुसऱ्या डोळ्याने घेतला होता. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असं काही झालं नाही. म्हणजे बघायला मेंदूला शिकावं लागतं आणि त्या शिक्षणाचा काळ ठरलेला असतो. मांजरात तो साधारण तीन महिन्यांपर्यंत चालतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तर तीन-चार दिवस एक डोळा बंद राहिला तरी मेंदूच्या जोडणीत फरक दिसतो. या कामाला 1981 चं नोबेल मिळालं. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया आज शक्य तितक्या लवकर करतात, त्यामागे हेच ज्ञान आहे. त्या पिल्लांना जे सोसावं लागलं ते लपवण्यासारखं नाही. पण त्यांच्याकडून माणसाच्या लेकरांना एवढं मिळालं असेल, तर आपल्या कोठ्यातल्या पिल्लाला त्याचा थोडा तरी उपयोग व्हावा असं मला मनापासून वाटतं.

आता डोळ्यात काय घालू नये ते. मध, तूप, दूध, काजळ, तंबाखूचं किंवा मिठाचं पाणी, यातलं काहीही नाही. बैलाच्या डोळ्यात फूल पडलं की असे उपाय करणारी माणसं गावात भेटतात. जखमी डोळ्याला या उपायांनी फक्त आग होते. त्याहून मोठा धोका घरातल्या कपाटात असतो. माणसासाठी आणलेल्या ड्रॉप्सच्या उरलेल्या बाटलीत पुष्कळदा डेक्सामिथासोनसारखं स्टिरॉइड असतं. त्याने लाली लगेच कमी होते, त्यामुळे गुण आला असं वाटतं. बुबुळावर जखम असेल तर तीच बाटली जखम वाढवते आणि हर्पीसला मोकळं रान देते. डॉक्टर आधी डोळ्यात फ्लुरेसीन नावाचा रंग टाकून पाहतात. जिथे जखम असते तिथे तो हिरवा चमकतो. स्टिरॉइड द्यायचं की नाही हे त्यानंतरच ठरतं. आणि दुखत असेल बिचाऱ्याला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एका गोळीनेही मांजर मरू शकतं.

ढोरांच्या औषधांतलं एक नाव इथे सांगायलाच हवं: एनरोफ्लॉक्सासिन. गायी-म्हशी आणि कोंबड्यांसाठी हे प्रतिजैविक सर्रास वापरलं जातं, आणि खेड्यात मांजरालाही अंदाजाने टोचलं जातं. मांजराच्या डोळ्यात रक्तातली अशी औषधं बाहेर ठेवणारा जो पहारा असतो तो जन्मतःच कच्चा आहे. त्यामुळे हे औषध दृष्टिपटलापर्यंत, म्हणजे डोळ्याच्या आतल्या उजेड टिपणाऱ्या पडद्यापर्यंत पोचतं, तिथे उजेडाने बिघडतं आणि पेशी मारतं. किलोमागे दिवसाला 5 मिलिग्रॅम ही मांजरासाठीची कमाल मर्यादा आहे. तीन किलोच्या मांजराला म्हशीच्या सिरिंजमधून थोडंसं दिलं तरी ती ओलांडली जाते आणि मांजर एक-दोन दिवसांत कायमचं आंधळं होऊ शकतं. इंजेक्शन देणाऱ्याला औषधाचं नाव आणि मांजराचं वजन विचारायला संकोच करू नये.

मोठ्या मांजराची नजर जायची इतरही कारणं आहेत. म्हाताऱ्या मांजराचे मूत्रपिंड थकले की रक्तदाब वाढतो, दृष्टिपटल सुटतं आणि ते एका रात्रीत आंधळं होतं. लवकर औषध मिळालं तर कधी कधी नजर परत येते. फवारणीच्या दिवसांत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, लाळ गळायला लागली, अंग थरथरायला लागलं, तर तो डोळ्याचा आजार नसून कीटकनाशकाची बाधा असू शकते. तिथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो.

खाण्याचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. टॉरीन नावाचा एक पदार्थ दृष्टिपटलाला लागतो. माणूस आणि कुत्रा तो शरीरात तयार करू शकतात, मांजराला तो पुरेसा करता येत नाही. तो मांसात, मासळीत आणि उंदरात भरपूर असतो. डाळ, तांदूळ, ज्वारीत तो नसतो आणि गायीच्या दुधात नावापुरता असतो. टॉरीन न मिळालेल्या मांजरांचं दृष्टिपटल झिजतं हे 1975 मध्ये सिद्ध झालं. झिजलेला भाग पुन्हा भरत नाही. गाजराचाही उपयोग नाही, कारण गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणं मांजराला जमत नाही.

दूध-भाकरीवर गावातली मांजरं जगतात, कारण उरलेलं पोषण ती उंदीर मारून मिळवतात. पण जिची नजर गेली तिची शिकार थांबते, आणि आपण पूर्वीसारखीच दूध-भाकर ठेवत राहतो. आंधळ्या मांजरीची हेळसांड होते ती बहुतेक इथेच, आणि तीही माया असलेल्या घरांत. तिला रोज थोडं मांस किंवा मासळी मिळाली पाहिजे. टॉरीन उकडलेल्या पाण्यात उतरतं, म्हणून थोडक्या पाण्यात शिजवून ते पाणीही द्यावं. कलेजी (यकृत) रोज नको, अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी हाडं बिघडतात. घरात मांसमच्छी चालत नसेल तर मांजरासाठीच असलेलं तयार खाद्य आणावं, त्यात टॉरीन घातलेलं असतं. कुत्र्याचं खाद्य त्याची जागा घेत नाही.

मांजर आंधळं झालंय हे घरच्यांना महिनोन्महिने कळत नाही, कारण त्याला घर पाठ असतं. आपल्याकडचं ऊनच एक साधी परीक्षा घेतं. भर दुपारी अंगणात मांजराची बाहुली बारीक उभी रेघ झालेली असली पाहिजे. उन्हातही ती मोठी, काळीभोर राहत असेल तर काहीतरी गंभीर बिघडलं आहे. दुसरी परीक्षा डॉक्टरही करतात: कापसाचा हलका बोळा मांजराच्या डोळ्यांसमोर वरून सोडायचा. त्याला पडताना आवाज होत नाही, वाराही लागत नाही. दिसणारं मांजर मान वळवून त्याच्या मागे जातं. एकेक डोळा हाताने झाकून पाहिलं तर कोणता डोळा अधू आहे तेही कळतं.

नजर गेलेलं मांजर जगू शकतं, आणि चांगलं जगू शकतं. लहानपणी दृष्टी गेलेल्या मांजरांचा अभ्यास झाला आहे. आवाज नेमका कुठून आला हे ती डोळस मांजरांपेक्षा अचूक ओळखतात. त्यांच्या मेंदूचा एरवी बघण्याला दिलेला काही भाग कान आणि स्पर्श वापरायला लागतो. त्यांच्या मिशाही जास्त लांब वाढलेल्या आढळल्या. खेळताना पोरं मिशा कापतात, ते तर कुठल्याच मांजराच्या बाबतीत होऊ देऊ नये.

आपण करायचं ते एवढंच की आंधळ्या मांजरीचं जग जागच्या जागी ठेवायचं. पाण्याचं भांडं, खाण्याची जागा, राखेची किंवा मातीची घमेली, झोपायचं पोतं, काहीही हलवायचं नाही. अडचण येते ती कापूस किंवा सोयाबीन घरात येतो तेव्हा. एका दिवसात खोलीचा नकाशा बदलतो. तेव्हा भिंतीच्या कडेने तिच्यापुरती वाट मोकळी सोडावी आणि पहिल्या दिवशी हाक मारत मारत तिला त्या वाटेने नेऊन दाखवावं. सारवल्यावर तिच्या वासाच्या खुणा पुसल्या जातात, त्या दिवशीही जेवायला हाक मारून बोलवावं. पायरीच्या आधी, चुलीच्या अलीकडे बारदान्याचा तुकडा अंथरला तर पंजाला कळतं की आता जपून. हात लावायच्या आधी बोलावं. घंटी बांधायची तर घरातल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधावी, म्हणजे तो कुठे आहे हे तिला समजतं. तिच्याच गळ्यात बांधली तर त्या आवाजात तिला बाकी काही नीट ऐकू येत नाही.

कठडा नसलेली विहीर, उघडं टाकं, ढोरांचे पाय आणि मागे येणारा ट्रॅक्टर यांपासून मात्र तिला स्वतःला वाचवता येत नाही. म्हणून तिला घरात आणि बंद अंगणातच ठेवावं. पोत्यात घालून पांदणीने दुसऱ्या गावी नेऊन सोडायची रीत आहे. आंधळ्या मांजरीचा तर वासाचा आणि आवाजाचा सगळा आधारच तिथे तुटतो. तसं केलं तर ती मरते, आणि वाईट मरते.

फुटलेला किंवा सतत ठणकणारा डोळा वाचत नसेल तर डॉक्टर तो काढायला सुचवतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्या डोळ्याने तसंही दिसत नसतं, आणि ठणका थांबला की मांजर खायला-खेळायला लागतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ढोरांची गर्दी असते, तरी मांजर दाखवायला लाजू नये. जनावरांच्या उपचारांसाठीच्या 1962 या फोन क्रमांकावरही विचारता येतं. डोळ्याची शस्त्रक्रिया किंवा अवघड तपासणी असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पशुवैद्यक पदव्युत्तर संस्था विदर्भात आहेत. जाताना आतापर्यंत डोळ्यात जे जे घातलं त्याच्या बाटल्या आणि ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत टाकाव्यात आणि घरगुती काही घातलं असेल तर तेही न लपवता सांगावं.