बागेत शिरलेला हत्ती खरंच बिथरलेला असतो का?

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात हत्ती केळीच्या बागेत शिरला, की बातमीत तो हमखास ‘बिथरलेला’ असतो. कुणी गणपतीचा कोप म्हणतं, कुणी ‘संतप्त गजराज’. त्यापेक्षा त्याची लीद तपासावी.

धोका असो की उपासमार, मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाचा निरोप पिट्युटरी ग्रंथीमार्गे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना पोचतो आणि त्या ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे ताणाची संप्रेरकं, रक्तात सोडतात. यकृत त्यांचं विघटन करतं, अवशेष पित्तातून आतड्यात उतरतात आणि साधारण एक-दोन दिवसांनी लिदीत सापडतात. रक्त काढायला हत्तीला बेशुद्ध करावं लागतं, त्या धावपळीतच संप्रेरक चढतं; लिदीला तो धोका नाही.

पण लीद ताजी हवी. हत्तीला टाकताना पाहिलेली सर्वांत उत्तम. अवशेष सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, म्हणून गोळ्याच्या आतून चार-पाच ठिकाणचे तुकडे घेऊन कालवायचे. मूत्र लागलेला भाग टाकून द्यायचा. नमुना लगेच बर्फात आणि पुढे उणे 20 अंशांवर ठेवायचा. उशीर झाला तर जिवाणू अवशेषांची मोडतोड करतात आणि आकडा फसवतो. मग सुकवून, कुटून, तंतू चाळून काढायचे, पूड अल्कोहोलमध्ये घुसळायची आणि एलायझा ही अवशेषांचं प्रमाण मोजणारी चाचणी करायची. उत्तर येतं कोरड्या पुडीच्या दर ग्रॅममागे किती नॅनोग्रॅम, असं. गाभण मादीचा आकडा मुळातच वेगळा असू शकतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून ‘ताण’ ठरवणं म्हणजे थर्मामीटर पाहून रोगाचं नाव सांगणं.

कर्नाटकात हसन भागातल्या पीक खाणाऱ्या हत्तींची तुलना बंदीपूर-नागरहोळेच्या जंगलातल्या हत्तींशी केली गेली. अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांच्या गराड्यातले हत्ती जास्त ताणात असणार, अशीच कुणाचीही अटकळ. निघालं उलटं! पीक खाणाऱ्यांत अवशेष कमी होते. लिदीतलं कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर, म्हणजे आहार किती सकस याची खूण, पाहिलं, तर त्यांचा आहारही जास्त सकस दिसला. म्हणजे शेत ही त्यांच्यासाठी फायद्याची जागा. संप्रेरकाच्या जोडीला वर्तन आणि आहार पाहिला नसता, तर ‘हत्ती मजेत आहेत’ एवढाच चुकीचा निष्कर्ष उरला असता. फटाके आणि गोळीचा धोका काही लिदीत दिसत नाही.

अशा हत्तीला ‘पकडून दूर सोडा’ ही मागणी ठरलेली. श्रीलंकेत जीपीएस कॉलर लावलेल्या 12 नर हत्तींना राष्ट्रीय उद्यानांत हलवून पाहिलं: काही मूळ जागी परतले, काही भटकत राहिले, काहींनी नव्या जागीच बस्तान बसवलं, पण शेतकऱ्यांशी संघर्ष थांबला नाही.