टीसिक्स ॲल्युमिनियम आणि सिरॅमिक घातलेलं ॲल्युमिनियम एकच का?

रबाळे एमआयडीसीत आमच्या शॉपवर हा घोळ नेहमीचा आहे. परवा एक जण ब्रॅकेट घेऊन आला, म्हणे लोड आला की लवतंय, ६०६१ (मॅग्नेशियम-सिलिकॉन असलेलं ॲल्युमिनियम) आहे, टीसिक्स (तापवून कडक करायची प्रक्रिया) करून द्या म्हणजे आत कण तयार होऊन सिरॅमिकवाल्यासारखं ताठ होईल.

कण दोन्हीत असतात हे खरंय, पण टीसिक्समधे ते धातूतूनच निघतात. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन साधारण ५३० डिग्रीला विरघळवायचं, जॉब पटकन पाण्यात टाकायचा, मग १७५ च्या आसपास आठेक तास ओव्हनमधे. पोलादाला पाणी दिलं की ते तिथल्या तिथे कडक होतं, इथे पाण्यातून काढलेला जॉब मऊच असतो, कडकपणा नंतर येतो (आल्फ्रेड विल्मला १९०६ मधे हे कळलं, त्याचा मिश्रधातू नुसता पडून पडून कडक झाला होता). हे नॅनोमीटरचे कण धातूचे थर सरकू देत नाहीत, त्यामुळे तुकडा कायमचा वाकायला जास्त जोर लागतो. पण लवणं वेगळं आणि वाकडं होणं वेगळं! यंग्स मोड्युलस (धातूचा मूळचा ताठपणा) टीसिक्सच्या आधीही ६९-७० गिगापास्कल आणि नंतरही तेवढाच, म्हणजे ब्रॅकेट तेवढंच लवणार.

सिरॅमिकचे कण बाहेरून घालतात, बहुतेक वेळा सिलिकॉन कार्बाइड, ग्राइंडिंग व्हीलमधे असतं तेच, काही मायक्रोनचं. २० टक्के घातलं की मोड्युलस १०० च्या आसपास जातो आणि वजन फार वाढत नाही कारण ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि सिलिकॉन कार्बाइडची ३.२. घासणंही चांगलं सोसतं, लोटस एलिसला १९९६ मधे याच्याच ब्रेक डिस्क होत्या. पण वितळलेल्या धातूत ही पावडर ढवळायची म्हणजे पिठल्यासारखंच, जरा चुकलं की गुठळ्या, धातू कणांना नीट भिजवतच नाही म्हणून मॅग्नेशियम टाकतात, आणि जास्त तापवलं तर ॲल्युमिनियम कार्बाइड होऊन बसतं जे ओलाव्यात खराब होतं. शिवाय माल ठिसूळ होतो, ताणला की लवकर तुटतो. मशीनिंगला तर साधं कार्बाइड इन्सर्ट (कापायचं टोक) लावलंत तर बघता बघता धार जाते, हात लावला तरी कळतं, पीसीडीच (कृत्रिम हिऱ्याचं टोक) पाहिजे.

आणि गोंधळ वाढतो तो यामुळे की सिरॅमिक घातलेल्या ६०६१ लाही वरून टीसिक्स करतात.

त्या ब्रॅकेटला दोन्हीतलं काहीच लागलं नाही, ६ मिमीची प्लेट ८ ची केली, वाकण्यातला ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो त्यामुळे २.३७ पट झाला, वजन तेवढं एक तृतीयांश वाढलं.