कामातून शिक्षण (ग्रामीण विदर्भ)

शेती, सूतकताई, स्वयंपाक, बांधकाम अशी खरीखुरी कामे जाणत्या माणसांच्या सोबतीने करत मुलांनी व तरुणांनी शिकण्याची पद्धत. विदर्भात तिची पाळेमुळे वर्धा जिल्ह्यात सापडतात. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफून द्यावे, असे तिथे ठरले. हीच नई तालीम किंवा बुनियादी शिक्षण. तपशील ठरवणाऱ्या झाकिर हुसेन समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा आदी होते. साडेपाच तासांच्या शाळेपैकी ३ तास २० मिनिटे समितीने एकट्या हस्तोद्योगाला दिली.

वऱ्हाड-वर्ध्याकडे कापसाचा उद्योग ओघानेच आला. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, तर गावाच्या शिवारातच. सरकी काढायची, कापूस पिंजायचा, त्याचे पेळू (कातण्यासाठी वळलेल्या कापसाच्या गुंडाळ्या) करायचे आणि टकळीवर (हाताने फिरवायच्या चातीवर) किंवा चरख्यावर कातायचे. काढलेले सूत मोजायचे ते असे: ४ फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, ४ लट्यांची गुंडी. गुंडीत ६४० तार, म्हणजे २,५६० फूट सूत. तासाला किती तार निघाले, पेळूचे वजन किती होते, तूट किती गेली, हा हिशोब मुलाने स्वतःच्या सुतावर मांडायचा. सूत सारखे तुटत असेल तर पेळू नीट वळला नाही की पीळ कमी पडला, हे शोधून काढायचे. अर्थात, शिकवणाऱ्याला स्वतः कातता येत नसेल तर या पद्धतीत काही अर्थ उरत नाही.

मुलांच्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधींची अपेक्षा मात्र वादग्रस्त ठरली. शाळेतला माल कारागिरांच्या पोटावर येईल, असा आक्षेप अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच घेतला, आणि तरीही त्यांना समितीत घेतले गेले! उत्पन्नाच्या नादात शिक्षण मागे पडेल, असा इशारा समितीच्या अहवालातही आहे. पालकांची शंका याहून साधी असते: शेतातच राबायचे तर पोराला शाळेत कशाला धाडायचे? कापूस वेचणीच्या दिवसांत घरोघरी मुलांचे हात कामाला लागतात, तिथे ही शंका गैरलागू म्हणता येत नाही. फरक पडतो तो शेजारी बसून ‘असे का झाले?’ विचारणाऱ्या माणसामुळे.

वर्ध्याजवळच्या, गांधींचा आश्रम असलेल्या सेवाग्रामचे काम नई तालीम चालवणाऱ्या हिंदुस्थानी तालीमी संघामार्फत आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने उभे केले. स्वातंत्र्यानंतर मात्र ही पद्धत मागे पडत गेली. सर्वसाधारण शाळांत तिची जागा घेतली ती ‘कार्यानुभव’ नावाच्या तासिकेने, आणि ती पुष्कळदा कागदी फुलांवरच भागते. सेवाग्रामला २००५ मध्ये आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा पुन्हा सुरू झाली. तिथे शेती, कताई, शिवण व स्वयंपाक हे शिकण्याचेच भाग आहेत.

मोठ्या वयाच्या मुलामुलींसाठी विदर्भात वेगळे प्रयोग झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत भर मे महिन्यात सकाळी श्रमदान आणि नंतर चर्चा असतात. गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये ‘निर्माण’ हा तरुणांसाठीचा उपक्रम सुरू केला. त्यात प्रामुख्याने १८ ते २८ वयाचे तरुण शिबिरांत भाग घेतात, गावांत जाऊन प्रश्न पाहतात, आणि त्यांतले काही पुढे अनुभवी कार्यकर्त्यांच्या हाताखाली काम करतात.