हात गळ्यात किती दिवस? रोटेटर कफच्या पुनर्वसनामागचा इतिहास

सहा आठवडे हात गळ्यात, बारा आठवड्यांनंतर ताकदीचे व्यायाम आणि डोक्यावर हात नेऊन करायच्या जड कामाला चार ते सहा महिने मनाई. रोटेटर कफ, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या हाडाला जोडलेल्या स्नायुबंधांचा पट्टा, शिवून घेतलेल्या रुग्णाला मिळणाऱ्या कागदावर साधारण हेच वेळापत्रक असते, मग तो नाशिकरोडचा असो वा निफाडचा. या आकड्यांना रुग्णच नव्हे तर पुष्कळ उपचार करणारेही शास्त्रातला अढळ नियम मानतात. प्रत्यक्षात हे वेळापत्रक आजच्या रूपात आले त्याला जेमतेम वीस वर्षे झाली आहेत, आणि त्यातल्या पहिल्या आकड्यावरचा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. बोस्टनच्या एका शल्यविशारदाने फाटलेला कफ शिवल्याची नोंद १९११ मध्ये प्रसिद्ध केली. कमरेत वाकून हात लोंबता सोडायचा आणि हलकेच झुलवायचा, हा आज प्रत्येक केंद्रात शिकवला जाणारा व्यायामही त्याच्याच नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शस्त्रक्रियेनंतर हात बाजूला उचललेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये किंवा पट्ट्यांच्या सांगाड्यात ठेवण्याची पद्धत होती. १९७२ मध्ये न्यूयॉर्कहून मांडणी आली की खांद्यावरच्या हाडाचे टोक कफला घासते आणि तेच मूळ दुखणे. पुढची चार दशके ते टोक तासण्याच्या शस्त्रक्रिया जगभर वाढत गेल्या. २०१८ च्या सुमारास ब्रिटन आणि फिनलंडमधल्या चाचण्यांत काही रुग्णांचे हाड खरोखर तासले आणि काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घालून ती बाहेर काढली. दोन्ही गटांच्या दुखण्यात सांगण्याजोगा फरक पडला नाही. हाड तासण्याचा असा वेगळा फायदा नसूनही व्यायामाला इतकी वर्षे दुय्यम जागा मिळाली, ही मला या इतिहासातली सर्वांत खेदाची गोष्ट वाटते.

आता शिवलेल्या खांद्याच्या सहा आठवड्यांकडे येऊ. मोठा छेद घेऊन शस्त्रक्रिया होत असे त्या काळात डॉक्टरांना सर्वांत जास्त भीती खांदा आखडण्याची होती. त्यामुळे १९७०-८० च्या दशकांत दुसऱ्याच्या हाताने खांदा लवकर हलवायला सुरुवात करण्याकडे कल होता. नव्वदच्या दशकापासून शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ लागली. स्नायूंची कापाकापी कमी झाली, आखडण्याची भीतीही कमी झाली. मग २००४ मध्ये अमेरिकेतून एक छोटा पण हादरवणारा अहवाल आला. कफचे दुर्बिणीतून शिवलेले १८ मोठे फाटे (फाटलेल्या जागा) सोनोग्राफीने पुन्हा तपासले, तर त्यातले १७ परत उसवलेले होते. नवल असे की वर्षभरानंतर यातल्या बहुतेक रुग्णांचे दुखणे कमी होते आणि हात आधीपेक्षा बरा चालत होता. दुसऱ्या वर्षी मात्र हा फायदा ओसरायला लागला होता.

याच सुमारास उंदरांवरचे प्रयोग चालू होते. उंदराचा खांदा निवडला कारण त्याचाही कफ आपल्यासारखाच हाडाच्या कमानीखालून जातो. शिवलेला पाय बांधून ठेवलेल्या उंदरांत हाड आणि स्नायुबंध यांचा जोड अधिक सुबक तयार झाला, व्यायाम करायला लावलेल्यांत तो विस्कळीत राहिला. मूळचा जोड जसाच्या तसा परत कधीच तयार होत नाही, त्या जागी व्रणासारखी ऊती भरते आणि तिला बळ यायला महिने लागतात, हेही त्यातून स्पष्ट झाले. उसवायचे ते बहुधा पहिल्या तीन महिन्यांत उसवते, ही गोष्ट पुढे माणसांतही दिसली. सगळ्याचा मिळून निष्कर्ष निघाला तो थांबण्याचा, आणि सहा आठवडे कागदावर ठाण मांडून बसले.

पण उंदीर चार पायांवर चालतो आणि त्याला संध्याकाळी भाकऱ्या थापायच्या नसतात. २०१० नंतर माणसांवर चाचण्या झाल्या, त्यांत लवकर हालचाल आणि उशिरा हालचाल असे गट चिठ्ठी टाकल्यासारखे वाटून दिले होते. लहान आणि मध्यम फाट्यांत लवकर हलवणाऱ्यांचा हात पहिल्या काही महिन्यांत जास्त वर जात होता. वर्ष उलटल्यावर दोन्ही गट जवळपास एकाच जागी पोहोचले. कॅनडातल्या २०६ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. तिथे एका गटाला दुखेल तेवढे सांभाळून, जमेल तेव्हा गळपट्टा काढायची मुभा होती आणि दुसऱ्याला सहा आठवडे तो घालायचा होता. दोन वर्षांनी दोघांत फरक दिसला नाही. मोठ्या फाट्यांचे, पातळ झालेल्या स्नायुबंधाचे आणि मधुमेही रुग्णाचे गणित वेगळे आहे. तिथे सबुरी बरी असे मानायला कारणे आहेत. पण सरसकट प्रत्येकाला सहा आठवडे हे आज पुराव्यापेक्षा सवयीवर जास्त उभे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लवकर हलवणे म्हणजे वाटेल तसे हलवणे नव्हे. स्नायूंतला विद्युतप्रवाह मोजून पाहिला तेव्हा कळले की झुलवायचा साधा व्यायामही जोरात, मोठे फेरे घेत केला तर शिवलेला स्नायू कामाला लागतो. दाराला अडकवलेली कप्पी ओढतानाही तसेच होते. उताणे झोपून चांगल्या हाताने दुखरा हात उचलणे त्यामानाने सुरक्षित. घरी नेमके काय चालले आहे हे विचारल्याशिवाय नुसता कागद देऊन भागत नाही ते यासाठीच. कोपर, मनगट आणि बोटे मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची, यावर कुणाचा वाद नाही.

नाशिक जिल्ह्यात हा वाद पुस्तकी राहत नाही. द्राक्षाचा मांडव डोक्याच्या उंचीवर असतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, नंतर वेलीच्या डोळ्यांना (कोंबांना) पेस्ट लावणे, विरळणी, घडांचे डिपिंग म्हणजे ते द्रावणात बुडवणे, ही सगळी कामे मान वर आणि हात वर ठेवून चालतात. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या बागांत येणाऱ्या टोळ्या ती बऱ्याचदा एकरी ठेक्यावर करतात. हात गळ्यात असला की मजुरी शून्य. सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. म्हणजे बारा आठवडे संपून ताकदीचे व्यायाम नुकते सुरू होतात तोवर तीही संपत येते. बागेतल्या मजूर बाईला तेवढाही आधार नाही. तिच्यासाठी दोन आठवडे आधी हात मोकळा होणे आणि न होणे यात मोठे अंतर आहे, आणि ते अंतर दोन वर्षांनी मोजलेल्या गुणांच्या तक्त्यात दिसत नाही.

शस्त्रक्रियेआधी व्यायाम करून पाहण्याचा प्रवाह यासाठीच महत्त्वाचा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ४५२ रुग्णांचा अभ्यास आला. अपघाताविना, वयोमानाने कफ आरपार फाटलेली ही माणसे होती. त्यांना आधी व्यायाम दिला. दोन वर्षांत शस्त्रक्रियेकडे वळले ते २५ टक्क्यांहून कमी. साठी ओलांडलेल्या अनेकांच्या न दुखणाऱ्या खांद्यातही फाटा दिसतो हे त्याआधीच ठाऊक झाले होते, त्यामुळे एमआरआयचा कागद पाहून घाबरण्याचे कारण आणखी कमी झाले. दुचाकीवरून पडून अचानक हात उचलेनासा झाला तर गोष्ट निराळी. तिथे शेक आणि मालिशीत महिने घालवू नयेत, लवकर तपासणी व्हावी.

२०२१ मध्ये ब्रिटनमधल्या ७०८ रुग्णांच्या चाचणीने आणखी एक समज मोडला. कफच्या दुखण्यात सहा भेटींपर्यंत वाढत्या भाराचा व्यायाम करून घेणे आणि एकाच भेटीत नीट समजावून घरी करायचे व्यायाम देणे, यांचा वर्षभरानंतरचा परिणाम सारखाच निघाला. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा उपयोग पहिल्या दोन महिन्यांपुरताच राहिला. शिवलेल्या खांद्याला हा निष्कर्ष लागू नाही. पण रोज एसटीने शहरात येऊन करंट आणि शेक घेण्याचे पॅकेज ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी याहून उपयोगी बातमी गेल्या दशकात दुसरी आली नसेल. मात्र ती एक भेट तासाभराची हवी, रुग्णाच्या भाषेत हवी आणि त्याच्या कामाची चौकशी करणारी हवी.

खरड छाटणी आटोपून मे महिन्यात टाके घातले, तर ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत पाच महिने मिळतात. ऑगस्टमध्ये घातले तर दोनच. शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना हा हिशेब रुग्णासमोर बसून, बागेची कामे विचारून करायला हवा.