सक्रियित गाळ प्रक्रिया

सेंद्रिय द्रव्ये असलेले सांडपाणी टाकीत घेऊन त्यात सतत हवा मिसळणे, त्यामुळे पोसलेल्या सूक्ष्मजीवांचा गाळ निवळवून वेगळा काढणे आणि त्यातला बराचसा पुन्हा ताज्या सांडपाण्यात सोडणे, अशी ही शुद्धीकरणाची पद्धत आहे. ‘क्रियाशील गाळ प्रक्रिया’ हाही पर्याय वापरात आहे. प्रत्यक्ष केंद्रावर मात्र ‘एअरेशन टँक’, ‘ब्लोअर’ आणि ‘स्लज’ हेच शब्द कानी पडतात.

साचलेल्या सांडपाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन लवकर संपतो. मग ऑक्सिजनविना जगणाऱ्या जीवाणूंचे राज्य सुरू होते. कुजणे मंदावते आणि हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. हवा मिळत राहिली तर तेच द्रव्य कार्बन डाय-ऑक्साइड, पाणी आणि नव्या पेशी यांत झपाट्याने बदलते. अडचण अशी की ऑक्सिजन पाण्यात फार थोडा विरघळतो. २०° से. तापमानाला लिटरमागे सुमारे ९ मिग्रॅ., तर ३०° से.ला जेमतेम साडेसात. घरगुती सांडपाण्याची जैव रासायनिक ऑक्सिजन मागणी (सेंद्रिय द्रव्य कुजविताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे साधारणतः २०० ते ३०० मिग्रॅ. असते आणि दुधाची एक लाखाच्या घरात जाते, हे लक्षात घेतले म्हणजे डेअरीचे सांडपाणी इतके त्रासदायक का, ते कळते.

उद्गम : या प्रक्रियेचे जनकत्व कोणाकडे, याविषयी मतभेद आहेत. सांडपाण्यात हवा फुंकण्याचे प्रयोग इंग्लंड-अमेरिकेत १८८० नंतरच्या दशकापासून अधूनमधून झाले. त्यांतून फारसे हाती लागले नाही, कारण पाणी शुद्ध व्हायला आठवडे लागत. मॅसॅच्युसेट्‌स राज्याच्या लॉरेन्स प्रयोग केंद्रात (स्थापना १८८७) क्लार्क आणि गेज यांनी १९१२ च्या सुमारास बाटल्यांत व पाटीच्या दगडाचे थर लावलेल्या टाकीत हवा सोडून प्रयोग केले. बाटल्यांत शैवालाची वाढ होती. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर यांनी त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात हे काम पाहिले आणि परतल्यावर मँचेस्टर महापालिकेच्या डेव्हिहल्म केंद्रातील एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांना तसे प्रयोग करून पाहण्यास सुचविले.

आर्डर्न-लॉकेट यांनी सुमारे सव्वादोन लिटरच्या बाटल्यांत सांडपाणी भरून हवा सोडली. अमोनियाचे पूर्णपणे नायट्रेट व्हायला (शुद्धीकरण पुरे झाल्याची ही खूण) पहिल्या खेपेस पाच आठवडे गेले. मग त्यांनी वरचे निवळ पाणी ओतून टाकले, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी घातले. हा क्रम पुन:पुन्हा चालवला तसा वेळ घटत गेला आणि अखेर २४ तासांच्या आत काम होऊ लागले. शैवाल वाढू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळलेला होता. हा तपशील किरकोळ वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण शुद्धीकरणाचे श्रेय शैवालाला देण्याची वाट त्याने बंद झाली. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टर येथे वाचलेल्या निबंधात त्यांनी या गाळाला ‘सक्रियित’ म्हटले, तेही दुसरा बरा शब्द सुचत नाही अशी कबुली देऊन.

अमेरिकी लेखक लॉरेन्सला, तर ब्रिटिश लेखक डेव्हिहल्मला झुकते माप देतात. काहींच्या मते मूळ सूत्रधार फाउलर हेच होत. हवा देण्याची कल्पना मँचेस्टरची नव्हे, हे उघड आहे. मात्र गाळ राखून तो हेतुतः पुन्हा वापरणे हे या प्रक्रियेचे मर्म मानले, तर १९१४ चा निबंध हाच आरंभबिंदू धरणे अधिक सयुक्तिक ठरते.

या श्रेयाला पैशाचेही अंग होते. एकस्वाधिकारांवरून (पेटंटांवरून) अमेरिकेत खटले चालले. मिलवॉकी शहराविरुद्धच्या खटल्यात १९३४ साली अपील न्यायालयाने एकस्वाधिकारांचे उल्लंघन झाल्याचे मान्य केले, पण केंद्र बंद करण्याचा हुकूम नाकारला, कारण तसे केले असते तर शहराचा मैला सरळ मिशिगन सरोवरात गेला असता.

कार्यपद्धती : नेहमीच्या केंद्रात सांडपाणी वायुमिश्रण टाकीत ४ ते ८ तास राहते. तळाच्या सच्छिद्र चकत्यांतून ब्लोअरने हवा सोडतात किंवा पृष्ठभागावरील पंख्यांनी पाणी घुसळतात. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे २ मिग्रॅ.च्या आसपास राखतात. उष्ण हवेत जीवाणूंची भूक वाढते आणि पाण्याची ऑक्सिजन धरण्याची क्षमता घटते. आपल्याकडील उन्हाळ्यात ही दुहेरी कोंडी होते. केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्मी किंवा त्याहूनही अधिक वीज केवळ हवेवर खर्च होते.

टाकीची प्रकृती ओळखायला अनुभवी ऑपरेटरला प्रयोगशाळा लागत नाही. एक लिटरच्या नळकांड्यात टाकीतले पाणी भरून अर्धा तास स्थिर ठेवतात. गाळ तपकिरी असावा, त्याचे पुंजके सरासर खाली बसावेत, वर नितळ पाणी राहावे आणि वास पावसाने भिजलेल्या मातीसारखा यावा. गाळ काळपट असला तर हवा कमी पडते आहे. तो कापसासारखा फुगून वरच तरंगत राहिला, तर तंतुमय जीवाणू माजले आहेत. हा ‘फुगरा गाळ’ गेली शंभर वर्षे अभियंत्यांची डोकेदुखी आहे. शिवाय नाहीशा झालेल्या सेंद्रिय द्रव्याचा मोठा हिस्सा नव्या गाळाच्या रूपाने उरतोच. त्याची वेगळी विल्हेवाट लावावी लागते.

प्रकार : नेदरलँड्‌समध्ये पास्व्हीर यांनी १९५० नंतरच्या दशकात लंबवर्तुळाकार चराची सोपी पद्धत काढली. एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणे आणि निवळणे, ही ‘एसबीआर’ पद्धत अलीकडे रूढ झाली आहे.

भारत : फाउलर स्वतः पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, त्यामुळे या विषयाचे ज्ञान येथे फार लवकर पोहोचले. महाराष्ट्रात मात्र त्याआधीचा एक प्रयोग उलट दिशेचा आहे : मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली हवा न देता मैला कुजवून वायू मिळविला होता. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (स्थापना १९५८) कमी खर्चाच्या पर्यायांवर काम केले आहे. मुंबईत घाटकोपर व भांडुप येथे वायुमिश्रित तलाव आहेत, तर नवी मुंबईत एसबीआर केंद्रे आहेत. साखर कारखान्यांच्या आसवन्यांतील स्पेंट वॉश (मद्यार्क काढून उरलेले सांडपाणी) इतका तीव्र असतो की त्याला थेट हवा देणे परवडत नाही. आधी त्यातून बायोगॅस काढतात.

शेतकरी जीवामृताचे (शेण-गोमूत्राच्या द्रवखताचे) पिंप दिवसातून दोनदा काठीने ढवळतात, त्यातही थोडे वायुमिश्रण होते. गृहसंकुलांतील लहान केंद्रांत विजेचे बिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवल्याचे आढळते. सकाळी त्याची खबर तळमजल्यावरच्यांना आधी लागते.