विगच्या केसांना वळण देताना: उष्णता, पाणी आणि वेळ

मानवी केसांच्या विगची सगळ्यात मोठी सोय म्हणजे त्याला हवं तसं वळण देता येतं. आज सरळ, उद्या लाटदार, परवा फक्त टोकांना कुरळं. कृत्रिम धाग्यांच्या बहुतेक विगांना ही मुभा नसते. स्ट्रेटनरची गरम पट्टी लागली की धागा आक्रसतो, चिकटतो, वितळतो. त्यामुळे खऱ्या केसांचा विग हाती आला की वाटतं, आपल्या केसांना जे चालतं ते यांनाही चालेल. रसायनाच्या अंगाने ते खरंही आहे. पण डोक्यावरच्या केसांचं झालेलं नुकसान वाढीबरोबर खाली सरकतं आणि कापून टाकता येतं. विगचे केस कापले की कमीच होतात.

केस त्वचेबाहेर आला की निर्जीवच असतो, मग तो डोक्यावर असो की विगवर. तरी डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि टाळूतल्या ग्रंथींमधून त्याला थोडं तेल मिळत राहतं. विगमध्ये दोन्ही गोष्टी थांबलेल्या. ३० सेंटिमीटर लांब केसाचं टोक विग तयार होण्याआधीच सुमारे अडीच वर्षांचं असतं. तितक्या काळाचं ऊन, धुणं, विंचरणं त्याने सोसलेलं असतं. त्यानंतर आपण दिलेली प्रत्येक उष्णता त्याच्या खात्यात जमा होत जाते आणि ते खातं कधीच कोरं होत नाही. केमोथेरपीमुळे किंवा चाई पडल्यामुळे ज्यांना रोज विग घालावा लागतो, त्यांच्यासाठी हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. म्हणूनच यामागचं विज्ञान नीट समजून घ्यायला हवं.

केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. त्याच्या बाहेरच्या आवरणाला क्यूटिकल म्हणतात. कौलांसारखे एकावर एक चढलेले पापुद्रे, त्यांचे पाच ते दहा थर, प्रत्येक पापुद्रा सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाड, आणि सगळ्यांच्या मोकळ्या कडा टोकाच्या दिशेने. हे बोटांनाही कळतं. एकच केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दोन्ही बोटं केसाच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे चोळली, तर केस हळूहळू एकाच बाजूला सरकत जातो, मुळाच्या बाजूला. पापुद्र्यांच्या कडा त्याला उलटं सरकू देत नाहीत. विगमधून गळालेल्या केसावर हे करून बघावं. केस सरकला तर क्यूटिकल बऱ्यापैकी शाबूत आहे. दोन्ही दिशांनी सारखाच गुळगुळीत लागला तर बहुधा क्यूटिकल रसायनांनी काढून टाकलेलं आहे आणि वर सिलिकॉनचा लेप आहे.

हा फरक मोठा आहे. ज्याला रेमी केस म्हणतात, त्यात सगळ्या केसांची मुळं एकाच दिशेला ठेवलेली असतात आणि क्यूटिकल राखलेलं असतं. उलटसुलट दिशांचे केस एकत्र केले तर पापुद्रे एकमेकांत अडकून गुंता होतो. तो टाळण्यासाठी अशा केसांचं क्यूटिकल आम्लाने उतरवतात आणि सिलिकॉनने चमक आणतात. काही धुण्यांनंतर लेप निघून जातो आणि आतला उघडा केस समोर येतो. दोन्ही प्रकारांवर ‘शंभर टक्के मानवी केस’ असं लिहिलेलं असू शकतं. शिवाय फिकट रंगाचे बरेच विग मुळात गडद केस ब्लीच करून बनवलेले असतात. ब्लीचमुळे केसाच्या पृष्ठभागाला चिकटलेलं, पाणी दूर ठेवणारं चरबीचं पातळ आवरण जातं आणि आतले काही मजबूत बंधही तुटतात. अशा केसाला उष्णता सोसण्याची ताकद आधीच कमी असते.

क्यूटिकलच्या आत कॉर्टेक्स असतो आणि तो मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ विल्यम ॲस्टबरी यांनी १९३०च्या दशकात क्ष-किरणांच्या साहाय्याने केस आणि लोकर तपासली, तेव्हा वाफेत ताणलेल्या केसाची आतली रचना बदलते असं दिसलं. न ताणलेल्या केसातल्या प्रथिनाच्या साखळ्या पिळदार असतात. त्या पिळाची नेमकी बांधणी १९५१ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. या साखळ्यांना एकत्र धरून ठेवणारे बंध अनेक प्रकारचे आहेत. गंधकाच्या अणूंमधले डायसल्फाइड बंध पक्के. ते कायमस्वरूपी कुरळे करणाऱ्या रसायनांनी तोडले आणि पुन्हा जोडले जातात. हायड्रोजन बंध मात्र एकेकटे दुबळे, पण संख्येने अफाट. घरी आपण केसांना जे वळण देतो ते या दुबळ्या बंधांच्या जोरावर.

ते बंध सोडवायला उष्णता चालते, तसं पाणीही चालतं. ओला केस रोलरवर गुंडाळून वाळवला तरी वळण बसतं, ते याचमुळे. पाणी साखळ्यांमध्ये शिरून जुने बंध मोकळे करतं, पाणी गेलं की नव्या आकारात नवे बंध तयार होतात. उष्णतेने वळवलेल्या केसातही असंच होतं. फक्त तिथे नवे बंध पक्के होतात ते केस थंड होताना. तापलेल्या कर्लिंग रॉडवरून सोडवलेली गरम बट लगेच विंचरली किंवा खाली लोंबू दिली, तर अर्धं वळण तिथेच जातं. मग पुन्हा रॉड, या वेळी दहा-वीस अंश जास्त. माझ्या मते विगचं सर्वाधिक नुकसान या घाईतून होतं. वळण टिकत नाही म्हणून तापमान वाढवलं जातं, आणि कमी पडलेला असतो तो थंड होण्याचा वेळ.

आता ओल्या केसांवर गरम पट्टी लावण्याबद्दल. केस हवेतून पाणी शोषतो. साधारण दमट हवेत त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी त्यात असतं आणि पूर्ण भिजला की ते तीस टक्क्यांच्या आसपास जातं. अशा केसाला शंभर अंशांच्या बरीच वर तापलेली पट्टी लागली की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते. बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती केसाच्या आत पोकळ्या करते. सूक्ष्मदर्शकाखाली केसात बुडबुडे दिसतात आणि केस तिथेच मोडतो. वैद्यकीय साहित्यात या विकृतीचं वर्णन १९८६ मध्ये आलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओलसर केसांवर १२५ अंश सेल्सिअसचा कर्लिंग रॉड एक मिनिट धरला तरी असे बुडबुडे तयार होताना दिसले. १२५ अंश म्हणजे बहुतेक उपकरणांवरचा ‘कमी’ आकडा. पट्टी लावताना चर्रर्र आवाज आला किंवा वाफ दिसली तर त्याच क्षणी थांबावं. बाहेरून कोरडा वाटणारा विग आत, लेसजवळच्या म्हणजे केस ज्या जाळीला बांधलेले असतात तिच्याजवळच्या गाठींमध्ये, बराच वेळ ओला राहतो. बोटं मुळापर्यंत घालून खात्री करावी.

पाण्याचा आणखी एक परिणाम आहे. कोरड्या केसातली पिळदार रचना सुमारे २३० अंशांच्या आसपास कोसळते, पण पाण्यात बुडालेल्या केसात हेच १५० अंशांच्या सुमाराला घडतं. म्हणजे ओल्या केसाची मर्यादा कितीतरी खाली असते. कोरड्या केसालाही २३०पर्यंत मोकळीक आहे असं मात्र समजू नये. त्याच्या बरंच आधी क्यूटिकलला तडे जातात, पापुद्रे सुटतात आणि ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल विघटित होऊ लागतं. पांढऱ्या, रुपेरी किंवा फिकट सोनेरी विगवर तापमान जास्त झालं की पिवळसर झाक येते. ती धुऊन जात नाही.

मग आकडा किती ठेवायचा? ब्लीच केलेल्या किंवा बारीक केसांसाठी १२० ते १४० अंश, शाबूत क्यूटिकलच्या जाड केसांसाठी १५० ते १७०. यापुढे जाण्याचं कारण विगच्या बाबतीत मला तरी दिसत नाही. उत्पादकाने याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी. ज्या उपकरणावर अंश न लिहिता नुसतं ‘लो’ आणि ‘हाय’ असतं, ते विगसाठी वापरू नये. १८७०च्या दशकात पॅरिसमध्ये केशरचनाकार मार्सेल ग्रातो यांनी ज्योतीवर तापवलेल्या चिमट्याने केसांना लाटा द्यायला सुरुवात केली. त्या पद्धतीत चिमटा आधी कागदावर टेकवून बघत. कागद तांबूस झाला तर चिमटा थोडा निवू देत. आकडा दाखवणारं उपकरण हाती असताना आपण त्याहून जास्त काळजी घेऊ शकतो.

त्याआधी एक चाचणी. काही विगांमध्ये मानवी केसांत कृत्रिम धागे मिसळलेले असतात आणि मग सगळ्या विगची मर्यादा त्या धाग्याची असते. गळालेले दोन-चार केस चिमट्यात धरून, विगपासून आणि ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर, धातूच्या ताटलीवर जाळून बघावेत. मानवी केस जळाल्यावर जळक्या पिसाचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो.

प्रत्यक्ष काम करताना विग डोक्यावर नको. कापडी साच्याच्या डोक्यावर तो पिनांनी घट्ट बसवावा. गुंता टोकांपासून सुरू करून वर सरकत काढावा. मुळापासून ओढलं की गाठी सैल होतात. बोटभर रुंदीची पातळ बट घ्यावी. जाड बट घेतली तर बाहेरचे केस पोळतात आणि आतल्यांपर्यंत उष्णता पोहोचत नाही, मग तीच बट तीन-चार वेळा दाबली जाते. पातळ बटेवरून पट्टी एकदाच, न थांबता, सावकाश न्यावी. रॉड असेल तर आठ-दहा सेकंदांत सोडवून ती गुंडाळी तशीच क्लिपने टाळूशी अडकवावी आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नये. सगळ्या बटा झाल्या की क्लिपा एकदम काढाव्यात, बोटांनी मोकळं करावं, कंगवा शेवटी.

गरम पट्टी मुळाशी नेऊ नये. विगचा पाया बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या लेसचा असतो, काही ठिकाणी पॉलियुरेथेनचा पातळ पडदा आणि इलॅस्टिकही. हे सगळं प्लॅस्टिकच. वितळण्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडतं आणि ताणलं की तसंच राहतं. शिवाय पुढच्या भागातल्या गाठी दिसू नयेत म्हणून त्या बऱ्याचदा ब्लीच केलेल्या असतात, म्हणजे सगळ्यात कमजोर केस नेमके तिथे. लेसपासून दोन सेंटिमीटर अंतर राखावं. भांगाजवळचे उभे राहिलेले केस बसवायचे असतील तर ते किंचित ओले करून वर सुती पट्टी बांधावी आणि वाळू द्यावं.

उष्णतेपासून संरक्षण देणारे स्प्रे उपयोगी आहेत, त्यांच्याविषयीचा समज मात्र थोडा सुधारायला हवा. त्यातली सिलिकॉन आणि इतर पॉलिमर केसावर पातळ थर देतात, घर्षण कमी करतात, उष्णता जरा सावकाश आणि समान पोहोचवतात. २०० अंश त्यामुळे १५० होत नाहीत. स्प्रे मारल्यावर केस पुन्हा कोरडा होऊ द्यावा. हेअरस्प्रे नेहमी नंतर, उपकरण बंद करून. त्यात अल्कोहोल आणि पेट घेणारे वायू असू शकतात. लेसला लावलेला गोंद काढण्याचे द्रावही गरम उपकरणापासून लांब ठेवावेत.

ड्रायरबद्दल एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो कापलेल्या केसांच्या बटांवर केलेला होता, म्हणजे विगच्या फार जवळचा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कोरियन प्रयोगात वेगवेगळ्या अंतरांवरून ड्रायरने केस पुन्हापुन्हा वाळवले. पाच सेंटिमीटरवरून तापमान ९५ अंशांवर गेलं आणि पृष्ठभागाला सर्वाधिक इजा झाली. पंधरा सेंटिमीटरवरून, ड्रायर सतत हलता ठेवून, ते ४७ अंशांच्या आसपास राहिलं. ड्रायर न वापरता वाळवलेल्या केसांचा पृष्ठभाग चांगला राहिला, पण दीर्घकाळ ओले राहिल्याने पेशींना जोडणाऱ्या आतल्या थराला मात्र इजा दिसली. तेव्हा टॉवेलने दाबून पाणी टिपावं, मग वीतभर अंतरावरून कोमट हवा, मुळाकडून टोकाकडे.

आणि शक्य असेल तेव्हा रॉड बाजूलाच ठेवावा. धुतल्यावर ओलसर केस रोलरवर घ्यावेत, थंड किंवा कोमट हवेत पूर्ण वाळू द्यावेत, रात्रभर ठेवता आले तर उत्तम. पाणीच बंध सोडवतं, त्यामुळे १५० अंशांची गरज राहत नाही. दमट हवेत हे वळण उतरतं हे खरं. उष्णतेने दिलेलंही उतरतं, कारण बंध तेच आहेत.

टाळूविषयीही एक सांगायचं राहिलं. ६० अंशांचं पाणीही काही सेकंदांत त्वचा भाजू शकतं, आणि केस नसलेली किंवा उपचारांमुळे नाजूक झालेली टाळू स्वतःचा बचाव करू शकत नाही. विगच्या आतल्या धातूच्या क्लिपा उष्णता धरून ठेवतात. घालण्याआधी आतून हात फिरवून विग पूर्ण गार झालाय ना ते बघावं.

केस राठ लागू लागले, धुतल्यावर फार उशिरा वाळू लागले, टोकांना फाटे फुटले, विंचरताना कंगव्यात अख्ख्या केसांऐवजी तुटलेले तुकडे येऊ लागले, की उष्णता काही आठवडे पूर्ण बंद करावी. कंडिशनरने वरचा पृष्ठभाग सुधारतो, गुंता कमी होतो. तुटलेले बंध आणि पडलेल्या पोकळ्या भरून येत नाहीत. टोकं अर्धा-एक सेंटिमीटर कापून घेतली तर फाटे वर चढण्याचं थांबतं. विगच्या डब्यात एक चिठ्ठी ठेवावी: कोणत्या दिवशी, किती अंशांवर, विगच्या कोणत्या भागाला वळण दिलं. पुढच्या वेळी त्याच भागाला रोलर लावायचा की रॉड, हे त्या चिठ्ठीवरून ठरवता येतं.